पाठमोरी शिकवणी

बसमधून उतरणाऱ्या पाहुण्यांत, बगलेत अर्धी टोपली धरलेला म्हातारा दिसला, तशी युनिस चटईवरून अर्धी उठलीच. हाच तो दूर दक्षिणेतल्या होबार्ट शहराचा बर्नार्ड. मागे एका कोरड्या ऋतूत त्याची बायको इथेच, युनिसशेजारी बसून केवड्याच्या पातीची टोपली विणायला शिकली होती. टोपली अर्धी राहिली आणि पुढे बाईही राहिली नाही. आता ती पुरी करायला नवरा आला होता. त्याला आपणच शिकवायचं, हे युनिसने केव्हापासून मनात धरलं होतं.

तेवढ्यात बस चालवणारा तिचा जावई लाझरस बर्नार्डच्या गळ्यात हात टाकून ओरडला, "मंडळी, हा आजपासून माझा भाऊ!"

युनिसने झटकन पाठ फिरवली. सासूने जावयाशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही. या किनाऱ्यावरच्या आदिवासींत असंच चालत आलेलं. आणि जावयाचा भाऊ म्हणजे जावईच की!

"रोंडा!" तिने लेकीला हाक मारली. "विचार तुझ्या नवऱ्याला, भाऊ करायला हाच सापडला? इथे आलेल्या पाहुण्यांना आपल्यातली नाती मी देते. याला मी माझा भाऊ करणार होते!"

लाझरसला सगळं ऐकू गेलं होतं. तरी रोंडा त्याच्याकडे गेली आणि हसत परतली.

"आई, तो म्हणतो, याच्या बायकोला लेक कोणी मानलं होतं?"

तिवरांच्या चिखलातून न घाबरता खेकडे काढणारी ती बाई बघून युनिसनेच म्हटलं होतं, ही माझी लेक. मग रोंडाची ती बहीण, आणि तिचा नवरा आधीपासूनच जावई…

"शहाणा आहे मेला," ती पुटपुटली.

"हे सांगू त्याला?"

"नको. डोक्यावर चढून बसेल."

पाहुणे यायला लागले आणि लाझरस खाणीतली नोकरी सोडून घरी परतला, तेव्हापासून लेक-नातवंडं डोळ्यांसमोर होती. पण जावयाचं तोंडावर कौतुक करायची सोयच नव्हती.

मग रोंडाला मधे बसवलं. एका बाजूला युनिस, दुसऱ्या बाजूला तिच्याकडे पाठ करून बर्नार्ड. युनिस लेकीला मोठमोठ्याने शिकवू लागली.

"पात बारीक चिर. वेढ्यावर वेढा घे. ओढ घट्ट!"

"आई, मला येतं गं विणायला!"

"तुला कोण सांगतंय?"

थोड्या वेळाने रोंडाच्या हातून बर्नार्डची टोपली तपासायला आली. युनिसने नव्या वेढ्यावरून बोट फिरवलं.

"सांग त्या माणसाला, माझ्या लेकीचा हात इतका सैल नव्हता."

तिने नाव घेतलं नाही. गेलेल्या माणसाचं घेत नाहीत. बर्नार्डनेही घेतलं नाही; लाझरसने त्याला बसमध्येच समजावलं होतं. मान न वळवता तो रोंडाला म्हणाला, "सासूबाईंना म्हणावं, त्यांची लेकही मला हेच ऐकवायची."

युनिसची पाठ हसण्याने गदगदली. तिने सगळे सैल वेढे उसवले आणि टोपली रोंडाच्या हाती दिली.

"म्हणावं, पुन्हा कर."