चवळीखाऊ

बाकारी जाराने रक्ताच्या फ्रीजचं दार उघडलं. आत एकच बाटली होती, तीही कुणीतरी गार करायला ठेवलेल्या पाण्याची. त्याने दार आपटलं आणि पुन्हा उघडलं. दुसऱ्यांदा पाहिलं म्हणून काही रक्त दिसणार नव्हतं, पण हताश माणूस असंच करतो.

"डॉक्टर, किती वेळ बघत बसाल?" भूल देणारी कोरोतुमू मागून म्हणाली. "पोरीची नाडी हाताला लागेना. बाळ गेलंय, गर्भपिशवी फाटलीय. उघडायचं तर आत्ताच."

"रक्ताशिवाय उघडलं तर टेबलावरच जाईल."

"मग बाहेर तिघं धडधाकट बसलेत की. त्यांना मागा."

बाकारी जागचा हलला नाही. बाहेर कडुनिंबाखाली कोण बसलंय, ते त्याला चांगलं ठाऊक होतं. झुमाना त्राओरे आणि त्याचे दोन पुतणे. आत पडलेली तेनिन झुमानाची मुलगी; तिचा नवरा लांब सोन्याच्या खाणीवर. झुमानाने मान हलवल्याशिवाय पुतणे बाही वर करणार नव्हते, आणि झुमानापुढे हात पसरायला बाकारीने स्वतःला तोंड ठेवलं नव्हतं.

तेनिनची आई बऱ्याच वर्षांपूर्वी याच इस्पितळात, बाकारीच उपचार करत असताना दगावली होती. ते झुमानाने सोसलं. डॉक्टर काही देव नसतो, एवढं त्याला कळत होतं. पण बाकारी नुसता सर्जन नव्हता. तो फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहायचा. त्या पॅरिसला छापल्या जायच्या आणि तिकडची माणसं त्या वाचून हळहळायची. त्या बाईच्या मरणावरही त्याने एक लिहिली. नावं बदलली, गाव बदललं. पण बायको स्ट्रेचरवर कण्हत असताना नवरा डॉक्टरला 'चवळीखाऊ' म्हणून खदखदून हसला, हे मात्र जसंच्या तसं ठेवलं.

त्राओरे आणि जारा या दोन कुळांचं नातं पिढीजात चेष्टेचं. बारसं असो की मयत, एकमेकांना 'चवळीखाऊ', 'गुलाम' म्हणून टोचायचं आणि राग धरायचा नाही. दुःख जेवढं मोठं तेवढी चेष्टा मोठी, म्हणजे माणसाचा धीर सुटत नाही. बानी नदीच्या काठी शेंबड्या पोरालाही हे कळतं. पॅरिसला कळत नाही, आणि बाकारीने ते कळू दिलं नाही. कादंबरीतली बायको नवऱ्याचं हसणं ऐकून भिंतीकडे तोंड फिरवते आणि मरते. झुमानाचा धाकटा भाऊ बामाकोला शिकत होता. त्याच्या वर्गात ते पान मोठ्याने वाचलं गेलं. नवरा डॉक्टरलाच चवळीखाऊ म्हणतो यावरून त्याने घर ओळखलं, आणि वहिनीने तोंड फिरवलं हेही खरं मानलं. सुट्टीत तो गावी आला, पण भावाबरोबर एका परातीत जेवायला बसला नाही.

बाकारी अंगणात आला. उन्हाने डोळे दिपले. त्याने लांबूनच आवाज चढवला.

"अरे ए चवळीखाऊ! बसलास काय माझ्या गुलामा, ऊठ!"

पुतण्यांनी माना खाली घातल्या. झुमाना उठून अदबीने उभा राहिला.

"बोला, डॉक्टरसाहेब."

हाच माणूस पूर्वी भर बाजारात त्याला 'ए गुलामा, माझं गाढव धर जरा' म्हणून हाक मारायचा. ते 'साहेब' ऐकून बाकारी दोन पावलं पुढे आला.

"शिवी दे रे मला. वाटेल ती दे. पण रक्त दे."

"तुम्ही मोठी माणसं. तुम्हाला शिवी कशी देऊ?"

"झुमाना, तेनिन मरतेय."

"मग तुमचं आणखी एक पुस्तक होईल."

बाकारी मटकन धुळीत बसला. त्याला रडायचं होतं, ओरडायचं होतं, या म्हाताऱ्याला गदागदा हलवायचं होतं. यातलं काहीच जमलं नाही. दारातून कोरोतुमूने हाक मारली, "डॉक्टर!" तिच्या आवाजात आता घाईही उरली नव्हती. धाकट्या पुतण्याने तोंडावर हात दाबून घेतला.

"एक सांगा," झुमाना म्हणाला. "त्या दिवशी मी का हसलो, ते तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"होतं."

"मग ते का नाही लिहिलं?"

वर्षानुवर्षं हा प्रश्न बाकारीला कुणी विचारला नव्हता. ना पॅरिसच्या प्रकाशकाने, ना त्याच्या स्वतःच्या मनाने.

"लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला रडू आलं नसतं," तो म्हणाला.

झुमानाने झग्याची बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि पुतण्यांना मानेने खूण केली.

"पोरीसाठी देतोय. तुमच्या-माझ्यात आता काही नाही, साहेब."

झुमानाचं रक्त जुळलं, थोरल्या पुतण्याचंही जुळलं. बाकारीने पोट उघडलं, मेलेलं मूल बाहेर काढलं, फाटलेली पिशवी वाचवायचा प्रयत्न केला आणि शेवटी तीही काढून टाकली. दोनदा नाडी बुडाली. दोन्ही वेळा कोरोतुमूने त्याला असलं काही सुनावलं की कागदावर उतरवता येणार नाही. पण तेनिन वाचली.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या खाटेपाशी गेला. मूल आणि पिशवी, दोन्ही गेल्याचं तिला सांगून झालं होतं. ती छताकडे बघत पडली होती. तशीच पडल्या पडल्या तिने विचारलं.

"डॉक्टर, पुस्तकात माझी आई आहे ना?"

"आहे."

"मला फ्रेंच येत नाही. तेव्हा मी लहान होते, मला कुणी आत सोडलं नाही. बाबा म्हणतात, ते तुम्हाला चवळीखाऊ म्हणाले आणि आई हसली. काका म्हणतो, तिनं तोंड फिरवलं, पुस्तकात तसंच आहे. घरात दोघं एकमेकांशी बोलत नाहीत." तिने मान वळवली. "तुम्ही होतात तिथं. हसली का हो ती?"

बाकारीने आठवायचा जिवापाड प्रयत्न केला. भिंत आठवली, तिचे उडालेले पोपडे आठवले, सावकाश वळणारी मान आठवली. सगळं फ्रेंचमध्ये, आपल्याच वाक्यात, स्वल्पविरामासकट. त्या बाईचा चेहरा काही केल्या आठवेना. दारात झुमाना बाजरीच्या पेजेचं भांडं घेऊन थबकला होता. दंडाला कापूस तसाच चिकटलेला होता.

"हसली," बाकारी म्हणाला. "चांगली खळखळून हसली. मी डोळ्यांनी पाहिलं."

तेनिनने डोळे मिटले. कडांमधून पाणी कानापर्यंत ओघळलं, पण कपाळावरची आठी सैल झाली. बाकारी उठला. झुमानाने भांडं खाटेशी ठेवलं आणि पाहुण्याला पोचवायला जावं तसा तो व्हरांड्यापर्यंत त्याच्याबरोबर आला. तिथं तो थांबला आणि मुलीला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू म्हणाला,

"ती हसली तेव्हा तुम्ही हात धुवायला गेला होतात, साहेब."