बाबांची धाड

चष्म्याच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसलं की बाबा लेकीला हाक मारत, "या सेनापती!" मग काउंटरवर पट मांडला जाई. लेक फ्रेम बसवण्यात बाबांइतकीच तरबेज, पण पटावर उतावळी. डाव सुरू झाला न झाला तोच राजाच्या बाजूची प्यादी पुढे रेटत सुटायची. घरात त्या हल्ल्याला नावच पडलं होतं, धाड.

"अगं, राजाच्या दाराची कडी काढून निघालीस कुठे?"

"जिंकायला!"

बाबा किल्लेकोट करून राजाला कोपऱ्यात बसवत आणि तिची प्यादी निवांत टिपत. ती गयावया करायची, "एवढी चाल परत घेऊ?" "सोंगटी सुटली, चाल झाली," हे बाबांचं ठरलेलं उत्तर.

मग बाबांच्या हृदयाने कुरबुर सुरू केली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनने बरे होतील, पण या वयात धोका आहे; नाहीतर औषधांवर एखाद-दोन वर्षं निघतील. बाबांनी औषधं पसंत केली. लेक मात्र हटून बसली. आर्जवं झाली, अबोला झाला, रडणंही झालं.

एका दुपारी डाव नुकताच सुरू झाला होता. बाबांनी आधी राजाशेजारच्या उंटापुढचं प्यादं एक घर सरकवलं होतं, आता शेजारचं, घोड्यापुढचं, एकदम दोन घरं पुढे टाकलं.

"बाबा, तुम्ही आणि धाड?"

"तुझंच ऐकायचं ठरवलंय. डॉक्टरांना सांग, तारीख द्या. आणि हे बघ, चाल तुझी आहे."

तिला आनंदाने काही सुचेना. पटाकडे न बघताच ती फोनकडे धावली.

ऑपरेशनच्या टेबलावरून बाबा परत आले नाहीत.

बऱ्याच दिवसांनी तिने दुकान उघडलं. डाव तसाच होता, सोंगट्यांवर धूळ. पुसता पुसता तिचा हात थबकला. तिचा वजीर तिरका कडेपर्यंत गेला की मात होती. एका चालीत. बुद्धिबळ शिकवताना बाबांनी सगळ्यात आधी दाखवलेली मात हीच; ही दोन प्यादी अशी कधी हलवायची नाहीत, असं तेव्हा त्यांनीच बजावलं होतं. त्यांची नजरचूक होणं शक्यच नव्हतं. पुढे काय होणार याची त्यांना भीती होती, आणि तरी केवळ तिच्यासाठी ते हो म्हणाले होते.

वजिराला तिने हात लावला नाही. बाबांचं प्यादं उचललं आणि दोन घरं मागे, त्याच्या जागी ठेवलं.

"परत घ्या ना, बाबा," ती रडत म्हणाली. "एवढी एकच चाल."