सात गाणी आणि मधलं बोलणं

मित्रांनो, माझ्या पाठीवर निळ्या शाईने 'जयवंत, सात गाणी' असं लिहिलेलं आहे. शाई आता फिकट झाली आहे, पण उजेडात धरलं तर वाचता येतं. मी साठ मिनिटांची एक जुनी कॅसेट आहे. तुमच्यापैकी कोणी मला पाहिलं नसेल, तर एवढं समजा की हाताच्या पंजाएवढी प्लॅस्टिकची चपटी डबी असते, तिच्यात दोन चाकं आणि त्या चाकांवर गुंडाळलेली तपकिरी फीत. त्या फितीवर आवाज राहतो. फीत चांगली राहिली तरच राहतो.

मला स्वतःची गोष्ट सांगायला फारशी आवडत नाही. तिच्यात मला लाज वाटावी असं पुष्कळ आहे. पण सांगते.

कारखान्यातून मी कोरीच बाहेर पडले. ठाकूरद्वारच्या एका दुकानात काचेमागे काही महिने बसले. तिथून मला जयवंतने घेतलं. तो चिंचपोकळीला चाळीत राहायचा. वडील गिरणीत होते, तो स्वतः एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. सुट्टीच्या दिवशी गिटार घेऊन बसायचा आणि विचित्र गाणी रचायचा. समुद्राला ताप येतो, घड्याळाला पंख फुटतात, असली. गिटारचा आवाज तो तारा ढिल्या करून असा काही वळवायचा, की खोलीच्या भिंती जवळ येऊन परत लांब गेल्यासारख्या वाटायच्या. अशा संगीताला सायकेडेलिक रॉक म्हणतात, हे मला फार पुढे कळलं. चाळीत त्याला 'जयवंताचं डोकं फिरलंय' म्हणत.

एका रविवारी त्याने मित्राचा टेपरेकॉर्डर आणला, खिडकी लावून घेतली आणि सातही गाणी माझ्यावर भरली. एकदा सुरू केलेलं मशीन त्याने मध्ये बंद केलं नाही. घर एका खोलीचं. बायको कालिंदी त्याच खोलीत स्टोव्हपाशी बसलेली. गाणं चालू असताना ती एक शब्द बोलली नाही. पण पहिलं गाणं संपताच आपल्या मालवणीत म्हणाली, "अवो, चाय थंड झाली ती. मगे माका सांगू नकात."

दुसऱ्या गाण्यात ओळ होती, 'गिरणीच्या धुरात बोंबील पोहतात, विचारू नका ते कुठे राहतात'. ते संपलं तशी ती हसत हसत म्हणाली, "धुरात बोंबील पोवतत म्हणे! बाजारात केवढ्याक गावतत, ता पण लिवा गाण्यात."

तिसऱ्या गाण्यानंतर तिने तोंड उघडलं मात्र, जयवंत ओरडला, "कालिंदी, गप रव गो जरा! सगळा टेपात जाता!"

ती गप्प बसली. पुढची चार गाणी संपेपर्यंत गप्पच होती.

खरं सांगते मित्रांनो, तेव्हा मला बरं वाटलं. मी गाण्यांची कॅसेट होते. मध्येमध्ये चहा आणि बोंबील कशाला, असं मलाही वाटत होतं. धुतलेल्या शर्टावर डाग पडावा तसं ते बोलणं मला वाटायचं.

जयवंतच्या मित्राने माझ्यावरून एक कॉपी काढली. त्याने फक्त गाणी घेतली, बोलणं आलं की बटण दाबून मशीन थांबवलं. त्या कॉपीवरून दुसरी निघाली, दुसरीवरून दहा. कॉलेजच्या मुलांमध्ये ती फिरली. ज्यांनी ऐकली ते वेडे झाले. बाकीच्या जगाला पत्ताही नव्हता. आणि मी, मूळची, एका पत्र्याच्या डब्यात पडले. पुढे गिरण्यांचा संप झाला, घरात वडिलांचा पगार थांबला, जयवंतने गिटार विकली. मला चाळीस वर्षांत कोणी वाजवलं नाही. पावसाळ्यामागून पावसाळे गेले, फितीवर बुरशी धरली.

कॉलेजात कॉपी ऐकून वेड्या झालेल्यांपैकी एक अवधूत होता. दादरला राहणारा, कारकुनाचा मुलगा. पुढे तो रेडिओवर निवेदक झाला. परळच्या एका लहान रेडिओ केंद्रावर दर रविवारी सकाळी त्याचा गाण्यांचा कार्यक्रम असतो. त्यात तो वर्षातून चारदा तरी जयवंतचं नाव घ्यायचा. "हा माणूस आपल्याच शहरात होता, आणि आपण त्याला ओळखलं नाही," असं म्हणताना त्याचा आवाज जड व्हायचा.

गेल्या वर्षी एका श्रोत्याने फोन केला. "अहो, होता काय म्हणता? आमच्या मजल्यावर राहतात ते. कालच पाण्यावरून भांडले माझ्याशी."

अवधूत पेढे घेऊन चिंचपोकळीला धावला. जयवंतने दार अर्धंच उघडलं. "बिल्डरकडून आलात? मी सही दिलीय."

अवधूतने वाकून त्याच्या पायांना हात लावला. म्हातारा घाबरून मागे सरला. "अरे अरे! कोण तुम्ही? घर चुकलात काय?"

मग अवधूतने दारातच उभं राहून सातही गाणी, एकही शब्द न चुकता, म्हणून दाखवली. जयवंत ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "ही मी लिहिली होती होय?"

कालिंदीला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. भिंतीवर तिचा फोटो होता. जयवंतने डबा उघडून मला बाहेर काढलं. किती तरी वेळ त्याने मला हातातच धरलं. घरात मला वाजवणारं यंत्र नव्हतं. "रेडिओवर लावा," तो म्हणाला, "पण सगळं तसंच लावा हं. काही काढू नका, घालू नका."

"तुमच्या शब्दाला हात लावीन का मी?" अवधूत म्हणाला.

जयवंत आणखी काही तरी बोलणार होता. बोलला नाही. परक्या माणसाला, तेही पाया पडणाऱ्या, 'मला बायकोचा आवाज ऐकायचाय' असं सत्तरीच्या माणसाने कसं सांगावं? त्याला लाज वाटली. मला ते समजत होतं. पण कॅसेटला मशीनमध्ये घातल्याशिवाय बोलता येत नाही, आणि मशीनमध्येही ती स्वतःचं काही बोलू शकत नाही.

रेडिओ केंद्रात मेघना नावाच्या बाई ध्वनी सांभाळतात. वीस वर्षं त्या हेच काम करतात. माझ्याकडे पाहताच त्या म्हणाल्या, "सर, बुरशी आहे. खपल्या निघतायत. एकदाच वाजेल ही. जे काय घ्यायचं ते एका दमात घ्या."

खरंच तसं झालं. मी वाजत होते आणि अंगावरचा आवाज तपकिरी भुकटी होऊन मशीनच्या फीत वाचणाऱ्या हेडवर साचत होता. अवधूत कानाला हेडफोन लावून बसला होता. गाण्यांच्या वेळी त्याचे डोळे भरून आले. मधलं बोलणं आलं तेव्हा त्याने घड्याळ पाहिलं.

सगळं कॉम्प्युटरवर उतरलं. मग अवधूत साफ करायला बसला. त्याची शिकवण जुन्या रेडिओतली. तिथे मोठ्या रिळांची फीत ब्लेडने कापून चिकटवत. त्याच्या गुरूने त्याला एक नियम घालून दिला होता: जे हवेत, म्हणजे प्रसारणात, जायचं नाही, ते टेबलावर ठेवायचं नाही. त्याने खरखर काढली, मधलं सगळं बोलणं कापलं, एका गाण्याला दुसरं जोडलं.

"मूळ फाइल ठेवू ना, सर?" मेघनाबाईंनी विचारलं.

"कशाला? मध्ये कचरा आहे नुसता," तो म्हणाला. आणि त्याने ती पुसली.

रविवार आला. जयवंत इस्त्रीचा शर्ट घालून केंद्रावर आला. अवधूतने त्याला आपल्या शेजारी बसवलं, हेडफोन दिला. मी समोर टेबलावरच होते. पहिलं गाणं लागलं. जयवंत स्वतःचं गाणं परक्याचं ऐकावं तसं ऐकत होता. गाणं संपत आलं तसा तो पुढे झुकला. त्याने हात वर केला, सगळ्यांनी गप्प बसावं म्हणून.

लगेच दुसरं गाणं सुरू झालं.

त्याने हात खाली घेतला. दुसऱ्याच्या शेवटी पुन्हा वर केला. तिसरं सुरू झालं.

अवधूतला वाटलं, म्हातारा भारावलाय. त्याने बोलण्याचा माइक बंद असल्याची खात्री केली आणि हळूच विचारलं, "कसं वाटतंय?"

"मधलं कुठे गेलं?" जयवंत म्हणाला.

"मधलं कुठलं?"

"गाणं संपलं की ती बोलायची ना."

"ते होय! ते मी साफ केलं," अवधूत खुशीत म्हणाला. "तुमच्या गाण्यांत कुणाची तरी वटवट कशाला—" बोलता बोलता त्याने जयवंतच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो थांबला.

"माझी बायको होती ती," जयवंत म्हणाला. "मी त्यासाठीच तर दिली कॅसेट. गाण्यांचं काय करायचंय मला?"

तिसरं गाणं संपलं. इथे अवधूतने बोलायचं ठरलं होतं, माइक चालू झाला. पस्तीस वर्षांत न अडखळलेल्या अवधूतच्या तोंडून शब्द निघेना. मेघनाबाईंनी घाईघाईने जाहिरात लावली.

त्यानंतरचे चार दिवस तो माझ्याजवळून हलला नाही. पुसलेली फाइल शोधून पाहिली, मिळाली नाही. त्याने माझे बारीक स्क्रू काढले. फीत हाताने उलगडली, कापसाने टिपली, तुटलेली जोडली, डबी पुसून परत तिच्यातच घातली. बोटं तपकिरी झाली होती. मध्येच तो पुटपुटायचा, "कचरा म्हणालो मी. कचरा म्हणालो." मलाही शरम वाटत होती. आम्ही दोघांनी एकाच गोष्टीला डाग समजलं होतं. फरक एवढाच, की त्याच्या हातात ब्लेड होतं.

चहाचं बोलणं गेलं होतं. बोंबलांचं गेलं होतं. तिथली फीत काचेसारखी आरपार झाली होती. नुसती खरखर, खरखर, आणि मग एकाच जागी, सगळ्या फितीत फक्त तिथे, आवाज लागला. या खेपेस त्याने काहीही न कापता तो तीन ठिकाणी साठवला आणि लॅपटॉप घेऊन तो चिंचपोकळीला गेला. मला खिशात ठेवलं होतं.

"फार थोडं उरलंय," दारातच तो म्हणाला. "आणि जे उरलंय ते... ऐकून मला शिव्या द्या."

त्याने लावलं. खोलीत चाळीस वर्षांपूर्वीचा तरणा जयवंत ओरडला, "कालिंदी, गप रव गो जरा! सगळा टेपात जाता!"

म्हाताऱ्याने डोळे मिटले. "हेच?" तो म्हणाला. "सगळं गेलं आणि नेमकं हेच राहिलं?"

"हेच राहिलं."

"आठ महिने मी देवाला सांगतोय, तिचा एक शब्द ऐकव. त्याने माझाच ऐकवला." मान खाली घालून तो बसला. अवधूत बंद करायला पुढे झाला, तसा जयवंतने त्याचा हात धरला. "थांबा. पुढे आहे ना?"

"पुढे काही नाही. अकरा सेकंद शांतता आहे. मग चौथ्या गाण्याची पहिली तार, आणि पुन्हा खरखर."

"परत लावा."

त्याने परत लावलं. ओरडणं झालं. मग शांतता. त्या शांततेत, कान देऊन ऐकलं तर, बशीवर चमचा ठेवल्याचा बारीक आवाज होता.

"चमचा," जयवंत म्हणाला. "रागावली की असाच ठेवायची. भांडण नाही, तंटा नाही, चमचा ठेवायची." त्याने फोटोकडे पाहिलं. "चाय तशीच राहिली त्या दिवशी. प्यायलो नाही मी."

अवधूतने लॅपटॉप मिटला. तसा जयवंत म्हणाला, "हे रेडिओवर लावा."

"काका, लोक काय म्हणतील तुम्हाला?"

"जे म्हणायचं ते म्हणू देत. तिला मी चारचौघांत कधी चांगलं म्हटलं नाही. निदान वाईट बोललो होतो, ते तरी चारचौघांत कळू दे. आणि ते अकरा सेकंद कापू नका."

मित्रांनो, रेडिओत शांततेइतकं मोठं पाप नाही. चार सेकंद काही वाजलं नाही की लोकांना वाटतं रेडिओ बिघडला. वरून साहेबांचा फोन येतो. तरीही पुढच्या रविवारी अवधूतने आधी आपली चूक सांगितली. काय कापलं, काय पुसलं, काय म्हणालो, सगळं. 'कचरा' हा शब्दही त्याने गाळला नाही. मग त्याने तो तुकडा लावला.

जयवंत ओरडला. मग काहीच वाजलं नाही. पाचव्या सेकंदाला फोन वाजू लागला.

"सर, वरून फोन," मेघनाबाई म्हणाल्या.

अवधूतने नाही म्हणून मान हलवली. बाईंनी रिसीव्हर उचलून तसाच टेबलावर ठेवला. चमचा वाजला. अकरा सेकंद पूर्ण झाले आणि मगच चौथं गाणं सुरू झालं.

आता मी जयवंतच्या घरी असते. फोटोखालच्या फळीवर, कालिंदीच्या चष्म्याशेजारी. माझ्यात वाजण्यासारखं काही उरलेलं नाही. अवधूत अधूनमधून येतो. आता तो पाया पडत नाही. दोघं पाण्याच्या वेळेवर आणि गुडघ्यांवर बोलतात. चहा जयवंत करतो, आणि तो उकळला की दोघंही बोलणं अर्ध्यावर सोडून आधी कप उचलतात.

तुमच्याकडे फोन आहेत, त्यांच्यात हवं ते भरता येतं आणि एका बोटाने पुसता येतं. पुसण्याआधी एकदा शेवटपर्यंत ऐका. आजी मध्येच खोकली असेल, आईने आतून हाक मारली असेल, तर तेवढं राहू द्या. आणि तुम्ही काही मोठं करत असताना कोणी म्हणालं की चहा थंड होतोय, तर ओरडू नका. उठा आणि प्या. गाणं तेवढं थांबतं.