रंभाच्या टिनावरून

चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या थंडीत मूल गावावरून इमानं, म्हणजे विमानं, जायला लागली. सुरुवातीला एखादंच जायचं, तेही उंचावरून, आणि लोक हातातलं काम टाकून अंगणात यायचे. संक्रांत सरली तशी ती रोजची झाली. सकाळी चांद्याकडून यायची, जंगलाकडे जायची आणि दुपारी परतायची. परतताना तर इतकी खाली असायची, की स्टेशनामागच्या मोहल्ल्यात छपरांच्या कवेलूंमधली धूळ जेवणाऱ्यांच्या ताटात पडायची.

त्याच मोहल्ल्यात रंभाची मुरमुऱ्यांची भट्टी होती. चाळिशीच्या आतबाहेरची बाई, अंगानं काटक, आणि कुठलीही गोष्ट अर्धी समजली तर तिला घास गोड लागत नसे. भट्टीवरचं तणसाचं छप्पर दोनदा जळालं, तेव्हा नवरा लटारूनं राईस मिलमधल्या मजुरीतून पैसे मागं टाकून वर कोऱ्या पत्र्याचं टिन घातलं होतं. साऱ्या मोहल्ल्यात तेवढंच टिन, बाकी सगळी कवेलूची घरं. रंभाला त्या टिनाचा अभिमान होता. पण इमान डोक्यावर आलं की टिन असं थरथरायचं, की कढईतल्या तापल्या वाळूत तांदूळ फुटल्याचा आवाजच तिला ऐकू येत नसे. आणि मुरमुरे कधी काढायचे हे तर कानानंच कळतं. घाण्यामागून घाणा करपू लागला.

इतरांचेही हाल होतेच. शेजारच्या कमळाची म्हैस दुपारच्या धारेला पान्हा चोरायची. तान्ही लेकरं दचकून उठायची. म्हातारे गुणवंतराव गुरुजी पडवीत बसून लोकांना समजावायचे, की हे सरकारी इमान आहे, जंगलाचे फोटो घेतं, त्यावरून नकाशे होतील. लोकांना ते पटत नव्हतं. कोणी म्हणे डोंगरातलं लोखंड शोधतात, कोणी म्हणे वाघ मोजतात. कोणी म्हणे माणसं मोजतात, आणि त्या दिवसापासून दोनचार बायका इमान आलं की घरात पळायच्या.

रंभाला मात्र वेगळीच गोष्ट टोचत होती. इमान काय करतं ते करो. पण आभाळ एवढं मोठं पडलेलं असताना ते आमच्याच डोक्यावरून काऊन जाते? तिनं गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, हवेत रस्ते ठरलेले असतात. कोणी ठरवले म्हटल्यावर ते पुन्हा नकाशांबद्दल सांगू लागले.

मग तिनं स्वतःच पाहायचं ठरवलं. एके दुपारी भट्टी विझवून ती बाजाराच्या पटांगणात जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी राईस मिलच्या दारात, तिसऱ्या दिवशी स्टेशनाच्या पलीकडे. लटारूनं विचारलं तर म्हणाली, पाहून राह्यली. जिथून पाहावं तिथून एकच दिसे. इमान जंगलाकडून सरळ यायचं, तिच्याच मोहल्ल्यावर पोचायचं, तिथं एक पंख खाली करायचं आणि चांद्याकडे वळायचं. माणूस चौकात येऊन वळतो, अगदी तसं. तिथं काय आहे वळण्यासारखं, हे मात्र खालून काही दिसेना.

चैत्रात महाकालीची यात्रा आली. लटारू आणि रंभा छोट्या लाइनच्या गाडीनं चांद्याला गेली. दर्शन झालं. लटारू तिथल्याच जटपुरा मोहल्ल्यातल्या नातेवाइकाकडे आडवा झाला. रंभानं मुरमुऱ्यांचं गाठोडं उचललं आणि विकून येते म्हणून बाहेर पडली. विकायचे होतेच, पण तिनं एका टांगेवाल्याला इमानाचं मैदान कुठी आहे ते विचारलं, आणि उन्हातून पायी तिथवर गेली.

मैदान म्हणजे काटे-झुडपं काढून सपाट केलेला माळ होता. तारेच्या कुंपणाआड दोन इमानं उभी होती. जवळून ती तिला वाटली होती त्याहून लहान दिसली, आणि उन्हात तापलेल्या तेलाचा वास येत होता. पहारेकऱ्यानं मुरमुरे घेतले, खाल्ले आणि आत कडुलिंबाखाली चहा पीत बसलेल्या साहेबालाही हवेत का विचारायला तिला जाऊ दिलं. साहेब पंजाबकडचा होता, तरणा, नाकावर उन्हानं सोललेलं कातडं. तो स्वतःच इमान चालवतो हे कळल्यावर रंभानं गाठोडं खाली ठेवलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, की मूलमध्ये स्टेशनामागच्या मोहल्ल्यावरच रोज का वळता?

त्याला गंमत वाटली. असा प्रश्न घेऊन त्याच्याकडे कधी कोणी आलं नसावं. त्यानं जमिनीवर काडीनं रेघा ओढल्या. हे चांदा, हे जंगल, हे मूल.

"ऊपर से जंगल सब एक जैसा दिखता है, माँजी," तो म्हणाला. "पर मूल में एक टीन है, शीशे की तरह चमकता है. कोसों से दिखता है. वहीं से सीधा निकलता हूँ, वहीं लौटकर मुड़ता हूँ. मेरे साथी भी."

रंभा त्या काडीच्या टोकाकडे पाहत राहिली. ते टिन कोणाचं हे तिनं सांगितलं नाही. मुरमुऱ्यांचे पैसेही न घेता ती परत निघाली.

गाडीत तिनं लटारूला सगळं सांगितलं. तो तिच्याजवळ सरकला. मग म्हणाला, "कोणाले सांगू नको. लोक टिन उतरवाले लावतीन." त्याचंही बरोबर होतं. तणसाखाली पुन्हा भट्टी पेटवायची म्हणजे पुन्हा आगीची धास्ती. पण रंभाच्या मनात आता दुसराच किडा वळवळत होता. टिन चमकलंच नाही तर इमान काय करेल?

घरी आल्यावर दिवस मावळायच्या आत ती शिडी लावून वर चढली. भट्टीतली राख, कोळशाची भुकटी आणि शेण कालवून तिनं टिन एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारवून काढलं. खाली उभी असलेली कमळा विचारत होती, हे काय करून राह्यली. टिन लय तापते, थंड राहाले, असं रंभानं सांगितलं. टिन तापतं, एवढं तरी खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इमान आलं. मोहल्ल्यावरून ते नेहमीसारखं सरळ जंगलाकडे निघालं नाही. पुढं गेलं, परत आलं. मग आणखी खाली उतरून घिरट्या घालायला लागलं. स्टेशनावरून, तलावावरून, पुन्हा मोहल्ल्यावरून. एवढा आवाज मूलनं कधी ऐकला नव्हता. कमळाची म्हैस दावं तोडून पळाली ती थेट बाजारात. बायका लेकरांना घेऊन घरात शिरल्या. रंभा एकटी अंगणात वर तोंड करून उभी होती. इमान तिचं टिन शोधत होतं, हे त्या सगळ्या गावात तिला एकटीलाच ठाऊक होतं. तिला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटली. मग कमळाला रडत म्हशीमागं धावताना पाहिलं आणि मजा उतरली.

दुपारी मोहल्ल्यात जीप आली. तोच साहेब खाली उतरला आणि छपरांकडे पाहत गल्लीतून चालू लागला. मागं सारी वस्ती. गुरुजी पुढं होऊन हात जोडत होते, इमान दुसरीकडून न्यावं म्हणून विनवत होते. साहेब रंभाच्या दारात थांबला. आधी काळ्या टिनाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यानं तिला ओळखलं.

लटारूनं खूण केली, की बोलू नको. रंभा बोलली.

"टिन माह्यंच आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "इमान त्याच्यासाठीच आपल्यावरून येत होतं. मले चांद्यात समजलं. काल मीच सारवलं."

सगळे वर टिनाकडे पाहू लागले. मग कमळा म्हणाली, की चांद्याहून आल्यावर मला तरी सांगायचं होतं, मी म्हैस शेतावर बांधली असती. ती ओरडली नाही, आणि तेच रंभाला जास्त लागलं. कोणीतरी टिन उतरवा म्हणालं, कोणी म्हणालं तिचा काय दोष. गुरुजी सगळ्यांना शांत करत राहिले.

रंभानं मात्र साहेबाकडे वळून विचारलं, की तुम्हाला टिनच लागतं का? दुसरं काही पांढरं, चमकणारं असलं तर चालेल?

"कुछ भी चलेगा," साहेब म्हणाला. "बस बड़ा हो, और अपनी जगह से हिले नहीं."

"मग तलावाच्या पाळीवर चुन्याचा मोठा गोल करून देऊ," रंभा म्हणाली. तिनं मोहल्ल्याला विचारलंच नव्हतं. पण पाळ, म्हणजे तलावाचा बांध, वस्तीपासून लांब होती, तिकडे घरं नव्हती, आणि साहेब लगेच हो म्हणाला, तेव्हा नाही म्हणायला कोणाला कारण उरलं नाही.

पाळीवर दगडांची कमी नव्हती. चुना साहेबानं जीपमधून पाठवला. दोन दिवस मोहल्ल्यातले लोक सवड काढून खपले. गुरुजींनी मधे खुंटी ठोकून दोरी फिरवली, त्या रेघेवर दगड मांडले आणि बायकांनी ते चुन्यानं माखले. कमळा पहिल्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशी बादली घेऊन आली आणि रंभाच्या शेजारी बसली. बोलणं फक्त चुन्याचंच झालं, पातळ झाला, घट्ट झाला एवढंच, पण झालं.

त्यानंतर आवाज गेला असं नाही. इमानं येतच राहिली, उन्हाळा चढला तशी अजून वाढली. पण आता ती पाळीवर वळायची आणि मोहल्ल्यात नुसती घरघर ऐकू यायची. टिन आता थरथरत नसे, आणि तांदूळ फुटल्याचा आवाज रंभाला पुन्हा ऐकू यायला लागला. तलावात जाळं टाकणारे ढिवर कुरकुरले, की मासे बुडाला बसतात. रंभा त्यांच्याकडेही जाऊन आली. खरंच बसतात का, किती वेळ बसतात, हे तिला जाणून घ्यायचं होतं. सकाळी इमानांच्या आधी जाळं टाकून पाहा, असं तिनं सुचवलं. त्यांनी टाकून पाहिलं. काही दिवस मासे लागले, काही दिवस नाही.

वैशाखात एका दुपारी ती तांदूळ भिजत घालून पाळीकडे गेली. पांढऱ्या गोलापासून जरा दूर, पळसाच्या सावलीत थांबली. चांद्याच्या मैदानात उभी असलेली सोडली, तर इतके महिने तिनं इमान खालूनच पाहिलं होतं, पोट आणि पंख एवढंच. आज ते जंगलाकडून आलं, पाळीशी पंख खाली करून वळलं, आणि पहिल्यांदाच तिला उडत्या इमानाची बाजू दिसली. खिडक्या दिसल्या. पुढच्या खिडकीत एक डोकंही दिसलं. ते कोणाचं होतं कुणास ठाऊक. तो साहेब होता की त्याचा सोबती, आणि वरून पळसाखालची बाई दिसते की नाही, हे विचारायचं राहून गेलं होतं.

तरी तिनं हात वर केला. इमान चांद्याकडे लहान होत गेलं. पाण्यावर उठलेल्या बारीक लाटा पाळीशी येऊन विरल्या, त्या इमानाच्या की वाऱ्याच्या, हे ठरवायला ती पुढचं इमान येईपर्यंत तिथंच बसून राहिली.