गौराबाईने हात मागे घेतला

जामसरच्या चंदूची मुलगी कविता चौदा वर्षांची. तिच्या गुडघ्याखाली सूज आली, तापही भरला. जव्हारचे डॉक्टर म्हणाले, "हाडात पू झालाय." औषधाने आठवड्यात सूज उतरली. महिन्याने परत आली. पुन्हा तेच औषध, पुन्हा थोडा आराम. तिसऱ्या वेळी चंदूने दवाखाना सोडला आणि पाड्यावरच्या गौराबाईला बोलावलं. मुरगळलेले पाय, धरलेल्या कमरा तीच तेल लावून सोडवायची.

गौराबाईने पाय चाचपला आणि हात मागे घेतला.

"मी नाय चोळणार."

"का गं आत्या?" कविताची आई सकू घाबरली.

"मुरगळलेला पाय पडून राहिला की उगी राहतो. ही तर झोपेतही कण्हते. हाडच फुगलंय. मला कळत नाय, तर उगाच हात कशाला चालवू? मोठ्या तपासणीला न्या."

चंदू म्हणाला, "तिथे सुई घालून हाडाचा तुकडा काढतात. सुई लावली की आजार पसरतो."

"असा आजार पसरलेला माणूस तू कोण पाहिलास? नाव सांग!"

चंदूने जव्हारला जायची जीप सांगितली.

सकाळी जीपमध्ये सगळ्यांच्या आधी गौराबाई जाऊन बसली. जव्हारच्या त्याच डॉक्टरांनी एक्स-रे काढला, नीट पाहिला. मग म्हणाले, "हाडाचा कर्करोगही कधी कधी पू झाल्यासारखाच दिसतो. औषधाने उतार पडला म्हणून मी थांबलो. चुकलं माझं."

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तुकडा काढला. सुई पोरीला, घाम बापाला! नर्सने खुर्ची चंदूलाच दिली आणि कविता खुदकन हसली. आजार कर्करोगच निघाला, पण दुसरीकडे गेला नव्हता. वर्षभर औषधं चालली, केस गळले, शस्त्रक्रिया झाली. पाय वाचला!

कविता परतली तेव्हा अख्खा पाडा रस्त्यावर आला होता. चंदू तिला उचलायला वाकला.

"बाबा, सरक ना! मी चालते."

जरा लंगडत, पण ताठ मानेने ती घरापर्यंत चालली. गौराबाई हसता हसता रडत होती.

पुढे दाभोसा गावच्या बाबल्याने मुलाची अशीच सुईची तपासणी टाळली, तेव्हा चंदू स्वतः त्याच्या दारात गेला. "सुईला मी घाबरलो होतो, माझी पोर नाय. ऊठ, जीप थांबलीय."

वाचकहो, औषधाने उतरलेली सूज पुन्हा आली, तर जुन्याच औषधावर भागवू नका. मुळापर्यंत तपासणी करा. आणि "मला कळत नाय" असं कुणी खरं सांगितलं, तर त्याचं ऐका!