पाठीवरचं पीठ

पाठीवर सहा किलो कसाव्याचं पीठ बांधून त्याला बाळाचं टोपडं घालायची अक्कल मला कुणी शिकवली नाही. ती माझी स्वतःची. आपलं पाप दुसऱ्याच्या नावावर कशाला टाकू?

आमच्या बेटाच्या उत्तर टोकाला धक्का आहे. चेवेमामाची मोटरहोडी तिथून सकाळी एकदा आणि वारं बरं असेल तर दुपारी एकदा पलीकडे जाते. बारा माणसं झाली की तेराव्याला तो चढू देत नाही. म्वेरू सरोवराने त्याचा एक भाऊ गिळलाय. पण पाठीवर मूल असलेली बाई आली की रांग आपोआप बाजूला सरते. हा नियम कुणी केलेला नाही, तो आहेच. मी दक्षिण टोकाची. तीन तास चालत यायचं, रांगेत शेवटी उभं राहायचं आणि होडी सुटताना बघत बसायचं. पलीकडच्या शनिवारच्या बाजारात आंब्याखालची सावली आधी येईल तिची. दोन शनिवार मी उशिरा पोचून उन्हात बसले, आणि तिसऱ्या शनिवारी धक्क्याच्या अलीकडे झुडपाआड जाऊन डोक्यावरची पिशवी पाठीवर घेतली.

हात काही विसरले नव्हते. कलाबाला, माझ्या मुलाला, मी दोन वर्षं याच चितेंग्यात, कमरेला गुंडाळायच्या या कापडात, वागवलं होतं. तो आता किटवेला खाणीत आहे आणि माझ्यापेक्षा वीतभर उंच. कमरेत वाकायचं, ओझं पाठीवर सरकवायचं, वरून कापड टाकून एक टोक काखेखालून आणि एक खांद्यावरून घ्यायचं, छातीवर गाठ मारायची. पिशवीच्या तोंडावर कलाबाचंच जुनं लोकरीचं टोपडं बसवलं, वर उन्हासाठी टॉवेल टाकला. रांग सरली. एका म्हाताऱ्याने हात धरून मला होडीत चढवलं. मला तेव्हा लाज वाटली नाही. खरं सांगते, मजा वाटली.

पुढच्या शनिवारीही जमलं. त्याच्या पुढच्या शनिवारी मी धक्क्यावर आले तेव्हा होडीत अकरा माणसं बसली होती. ऑगस्टचे दिवस, वारा सकाळपासूनच अंगावर येत होता. मी पुढे झाले, आणि त्याच वेळी पलीकडून एक पोरगी पुढे झाली. विशीची असेल. पाठीवर मूल, डोक्यापर्यंत कापडात झाकलेलं.

"आया दोन आणि जागा एक," चेवेमामा म्हणाला. "आता मी काय करू? एकीला वल्ह्यावर बसवू?"

"जिचं मूल लहान ती आधी," रांगेतली एक जाडी बाई म्हणाली. "किती महिन्यांचं हो तुमचं?"

"पाच," मी म्हणाले. पीठ परवाच दळलेलं होतं.

"मुलगा?"

"मुलगी. मालामा."

तोंडाला आलं ते नाव सांगितलं. आमच्याकडे मूल झालं की बाईचं स्वतःचं नाव मागे पडतं, ती अमक्याची आई होते, बाना अमुक. मी वीस वर्षं बाना कलाबा होते. त्या एका शब्दाने त्या धक्क्यावर बाना मालामा झाले.

"माझा नऊ महिन्यांचा," ती पोरगी म्हणाली. "चिसाला." मग जरा थांबून म्हणाली, "ताप आहे त्याला. दवाखान्यात न्यायचाय."

वारा होता, तरी मला ते ऐकू आलं. ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

चेवेमामाने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझा हात आपोआप मागे गेला आणि पिठाला थोपटायला लागला. मला वाटतं, त्या थोपटण्यानेच ती विरघळली.

"जा तुम्ही, बाना मालामा," ती म्हणाली. "तुमची फारच लहान आहे. एवढ्या वाऱ्यात तिला कशाला ताटकळवता? आम्ही दुपारच्या होडीने येतो."

मी जाऊन बसले.

दुपारी मी आंब्याखाली सावलीत बसून पीठ विकत होते तेव्हा सरोवरावर पांढऱ्या लाटा उठल्या. शेजारची मासेवाली म्हणाली, "आज काही चेवेची होडी यायची नाही." मी मापाचा डबा भरून सपाट केला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दिला. सगळं पीठ खपलं. पिशवीला खाली बारीक भोक पडलं होतं. चितेंगे झटकलं, कमरेला गुंडाळलं आणि मुक्कामाला बहिणीकडे गेले. तिने कसाव्याच्या पिठाची घट्ट निशिमा वाढली, मी ताट बाजूला सारलं. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

रविवारी सकाळी परतीसाठी धक्क्यावर आले. होडी लागली आणि सगळ्यात आधी तीच पोरगी उतरली, पाठीवर चिसाला. वाटलं, वळून बाजारात पळावं. पण तिने मला पाहिलं होतं.

"बाना मालामा! बरं झालं बाई तुम्ही भेटलात. लेक कुठाय?"

"बहिणीकडे."

"मग जरा याला घेता? कालपासून पाठीवरच आहे, खाली ठेवला की किरकिरतो. माझी पाठ पार गेली. दवाखाना तर वर टेकडीवर."

नाही कसं म्हणणार? मी वाकले. तिने चिसालाला माझ्या पाठीवर ठेवलं, मी कमरेचं चितेंगे सोडून त्याच्यावरून घेतलं. चुलीवरून उतरवलेलं भांडं पाठीला टेकावं तसा तो तापला होता. गाल माझ्या पाठीला चिकटला. रडला नाही, आणि मला भीती त्याचीच वाटली. पीठ कधी हलत नाही, आणि हेही हलत नव्हतं.

चढावर ती मागून येत होती आणि बोलत होती. नवरा मासेमारीच्या तळावर, सासू आंधळी, हे पहिलंच मूल. "तुमचं पहिलं?" तिने विचारलं. मी दम लागल्यासारखं केलं.

दवाखान्यात बाकं भरलेली. नर्सने चिसालाला लांबूनच पाहिलं आणि उठून आली. "इकडे द्या, आधी इकडे द्या." मी गाठ सोडली. नर्सने त्याला उचललं आणि ती जागीच थांबली.

त्याचा एक गाल घामाने ओला होता, आणि त्यावर पांढरा थर बसला होता. पापणीवरसुद्धा.

"हे काय फासलंय?" नर्स त्या पोरीवर कडाडली. "आधी वैदूकडे नेलंस ना याला? ताप कधीपासून?"

"परवापासून."

"मग काल काय करत होतीस? त्याच्या पुड्या लावत बसलीस?"

"काल होडीत जागा मिळाली नाही."

"जागा मिळाली नाही म्हणे. पाठीवर मूल असलेल्या बाईला होडीत जागा मिळाली नाही, असं कधी झालंय का? काहीतरी खोटं सांगायचं."

पोरीने चिसालाच्या गालावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. भिजवलेल्या कसाव्याचा आंबूस वास बेटावरच्या कुणालाही झोपेतसुद्धा ओळखू येतो. तिने माझ्या हातातल्या चितेंग्याकडे पाहिलं. त्याच्या घड्यांत पांढऱ्या रेघा होत्या. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं, की ही खरं बोलतेय, जागा मी घेतली, पिठासाठी घेतली. वाक्य जिभेवर तयार होतं. बाकांवरच्या सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. मी चितेंग्याची घडी घालायला लागले. चारदा घातली. तोवर नर्स मुलाला घेऊन आत गेली, आणि ती पोरगी, माझ्या वाटची बोलणी खाऊन, तिच्यामागे गेली.

चिसाला वाचला. सहा दिवस आत होता, पण वाचला. त्यात माझं काही पुण्य नाही.

मी आता पीठ डोक्यावरच आणते आणि रांगेत शेवटी उभी राहते. कधी कधी ती धक्क्यावर भेटते. चिसाला तिच्या बोटाला धरून दुडदुडत असतो. ती चारचौघांत एक वाक्य बोलली तर मला त्या धक्क्यावर पुन्हा पाय ठेवता येणार नाही. ते वाक्य ती बोलत नाही. ती जवळ येते, मोठ्या माणसाला मान द्यायला करतात तसे गुडघे जरा वाकवते, हलकेच टाळी वाजवते आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारते, "बाना मालामा, लेक बरी आहे ना?"

"बरी आहे," मी म्हणते.

"आता चालत असेल."

"चालते."

"मग आणा की एकदा. आमच्या चिसालाशी खेळेल."

चेवेमामा होडीतून मान हलवतो, जाडी बाई हसते, सगळे माझ्या तोंडाकडे बघत असतात.

"आणेन," मी म्हणते, आणि डोक्यावरचं पीठ सावरते.