गव्हापर्यंतची गाडी

आईने जन्मभर भात लावला आणि रेशनचा गहू खाल्ला. गव्हाचं उभं शेत तिने फक्त टीव्हीवर पाहिलं होतं. यंदा भाताची झोडणी उरकली तेव्हा ती म्हणाली, "पंजाबात जाऊ गो दामिनी. तू गाडी चालव, मी मागं बसते."

"ट्रेनने जा की," माझा धाकटा भाऊ स्वरूप म्हणाला.

"ट्रेन शेताजवळ थांबत नाय."

मुरबाडच्या एका कारखान्यात मी प्रयोगशाळेत काम करते. पगार माझा, लायसन्सही माझं. तरी शहापूरच्या शोरूममध्ये शिरताना स्वरूप पुढे होता आणि विक्रेता भाविक त्याच्याशीच बोलत होता.

लांबच्या प्रवासाच्या दोन मोटरसायकली शेजारी उभ्या होत्या. एक बुटकी, रुंद, गादीसारख्या सीटची. दुसरी उंच, ताकदवान, मागची सीट अरुंद आणि कडक.

"दादा, लेडीजसाठी ही रुंदवाली. एकदम सोफा," भाविक म्हणाला. "मावशींना एका बाजूला बसायला साडीगार्ड लावून देतो."

"दुसरी पोरींची नायच," स्वरूप म्हणाला. "तिचे पाय तरी टेकतील का?"

मी आईला हेल्मेट घातलं, मागे बसवलं आणि रुंद गाडी सापगावच्या दिशेने काढली.

आई बाजाराला जाताना बसते तशी दोन्ही पाय डावीकडे सोडून बसली होती. तिचं वजन एका बाजूला पडत होतं. सरळ रस्त्यावर मी ते हँडलने सावरलं, पण वळणावर गाडी माझ्या मनाविरुद्ध डावीकडे ओढत होती. सीट मऊ होती, म्हणूनच आई तिच्यात खचून तिरपी होत गेली. पुलापाशी तिने माझ्या खांद्यावर थाप मारली.

"थांब. कंबरेला पीळ बसला. अशी मी कसाऱ्यापर्यंत नाय टिकणार, पंजाब राहिला बाजूला."

ती उतरली. रस्त्याकडेला उभं राहून तिने साडी गुडघ्यापर्यंत घेतली आणि काठ मागे घट्ट खोचला, भाताच्या आवणीत चिखलात उतरताना खोचते तशी. मग दोन्हीकडे पाय टाकून गड्यासारखी बसली. गाडी लगेच सरळ झाली. पण जरा पुढे जाताच ती म्हणाली, "हा सोफा लय रुंद. मांड्या फाकतात."

मी गाडी मागे वळवली आणि शोरूमसमोर उंच गाडीशेजारी लावली. आई खाली उतरून तिच्यावर चढली, साडी खोचलेलीच. समोरच्या भाजीवाल्या बघत होत्या.

"आई, लोक बघतायत," स्वरूप हळू आवाजात म्हणाला.

"आवणीत सारा गाव बघतो. तेव्हा तू नाय आलास साडी खाली सोडायला."

मी पुढे बसले. माझा एकच पाय जमिनीला टेकत होता, तोही चवड्यावर. तो पुरला. या वेळी त्याच वळणावर मी झुकले तशी आईही झुकली. सीट कडक होती, पण ती तिला धरून ठेवत होती. चढावर मी थ्रॉटल पिळला, गाडीने दोघींचं वजन उचललं आणि मागून आईचा हसण्याचा आवाज आला.

परतलो तेव्हा स्वरूपचा चेहरा उजळला होता. उंच गाडी त्याला मनातून आवडली होती.

"हीच घेऊ," तो भाविकला म्हणाला. "माझ्या नावावर करा. पंजाबवरून आल्यावर हिला काय करायचीय एवढी गाडी?"

"मुरबाडला जायचं असतं मला, रोज," मी म्हणाले. "नाव माझं लिहा."

भाविकने स्वरूपकडे पाहिलं. त्याला दादांचा होकार हवा होता.

"त्याच्याकडं काय बघतोस?" आई सीटवरूनच म्हणाली. "तिनं सांगितलं ना?"

"मावशी, तुमी आधी उतरा तरी. ही डेमोची गाडी हाय."

"नाव लिही. मग उतरते."

स्वरूप बाजूला जाऊन फोनवर बोलू लागला. मी भाविकला माझं आधार कार्ड दिलं. त्याने नाव लिहिलं, फॉर्म वळवून आईला दाखवला. ते दामिनीच आहे ना, हे तिने बोट फिरवून एकेक अक्षर वाचून पाहिलं, आणि मगच गाडीवरून पाय काढला.